एका शेडचे तीन भाव

आमच्या सोसायटीतले जुने लोक लग्नाकार्यात भेटले, की जेवणं झाल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "ती शेडची गोष्ट सांग ना." मी विचारतो, "कुठली?" कारण शेड एकच होती, पण तिच्या गोष्टी किती आहेत ते मलाही नक्की ठाऊक नाही. इतर ठिकाणी बांधकाम संपलं की विटा उरतात, वाळू उरते. आमच्याकडे किस्से उरले. पत्रे एव्हाना गंजले असतील, किस्से मात्र दर लग्नात नवीन रंग लावून घेतात.

नव्या माणसांसाठी थोडं आधीचं सांगतो. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या काळातली ही गोष्ट. फैजपूरजवळच्या एका गावात केळीवाल्यांची फळविक्री सोसायटी होती आणि मी तिचा सेक्रेटरी. जळगावहून बी.कॉम. होऊन आलेला, म्हणून सगळे मला 'सायेब' म्हणायचे आणि माझं कोणीही ऐकायचं नाही. चेअरमन होते वामन आबा, चांगले मोठे बागाईतदार. आपल्याइतका भाव पाडून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. कमिटीत मोतीभाऊ होते. त्यांचं घराणं मूळ मारवाडातलं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. लोखंड आणि पत्र्याचं दुकान. आणि होत्या गोदाक्का. नवरा गेल्यावर केळीचा मळा त्यांनी एकटीने सांभाळला, वाढवला. कमिटीत त्या एकट्याच बाई. बाकीचे मेंबर होते, पण ते चहापुरते.

*

केळीचे घड बैलगाड्यांतून सोसायटीच्या आवारात यायचे, वजन व्हायचं आणि ट्रक येईपर्यंत उघड्यावर पडून राहायचे. वर केळीचीच पानं पांघरायची, एवढीच काय ती सावली. एकदा मार्चातल्या भर उन्हात ट्रक दुपार उलटल्यावर आला. दिल्लीकडच्या व्यापाऱ्याच्या माणसाने पानं बाजूला सारली, एक घड बोटाने दाबला, बोटाचा वास घेतला आणि भाव निम्म्यावर आणला. घड गोदाक्कांचे होते.

अक्कांनी त्या दिवशी मिळतील ते पैसे घेतले. पुढच्या मिटिंगला मात्र आल्या त्या बोलायचं ठरवूनच. आमच्या भागात 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे केळीला त्या केयी म्हणायच्या. "शेड बांधा. न्हई तं मी माही केयी दुसऱ्या सोसायटीले देते."

अक्कांची केळी गेली असती तर आमच्या सोसायटीत फक्त वजनकाटा उरला असता. ठराव लगेच पास झाला.

मग शेड कशी हवी यावर चर्चा. मी उठून गोडाऊनची कल्पना मांडली. चार भिंती, लोखंडी दरवाजा, वर झरोके. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, भिंती काहून पाह्यजे? केयी पयून जातीन का?"

भिंती तिथेच पडल्या. खांब आणि वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या, गाडी एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, असं ठरलं. खरं तर तेच बरोबर होतं. पण माझ्या बी.कॉम.ला गावात जी थोडी किंमत होती, ती त्या एका वाक्यात गेली.

*

नियम असा की तीन ठेकेदारांकडून भाव घ्यायचे, ते ताडून पाहायचे आणि मग काम द्यायचं. पहिले आले जळगावचे सबनीस. खिशात दोन पेनं, हातात टेप. त्यांनी आवार मोजलं, आवारातलं बाभळीचं झाड मोजलं, काही कारण नसताना वजनकाटाही मोजला. आठवड्याने टाईप केलेलं कोटेशन आलं. खांब, पत्रा, सिमेंट, मजुरी, सगळं वेगवेगळं. आणि शेवटच्या ओळीत 'इतर'. या इतरचा आकडा मजुरीपेक्षा मोठा होता.

सबनिसांना बोलावलं. आबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे इतर म्हणजे काय?"

"इतर म्हणजे इतर," सबनीस म्हणाले. "प्रत्येक कामात असतं."

"पण काय असतं त्यात?"

"जे बाकीच्यात येत नाही ते."

आबांनी कागद सबनिसांकडे सरकवला. "बरं," ते म्हणाले. "मग असं करा, इतरचे पैसे तुम्ही इतरांकडून घ्या."

सबनीस हसले. आमचाच विनोद आम्हाला परत करून पैसे घेणारा माणूस आहे हा, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या कोटेशनमध्ये इतर नव्हतं. त्याऐवजी खांबांचा भाव वाढलेला होता आणि आबा महिनाभर गावात सांगत होते, "इतर उडवलं."

*

दुसरा भाव सोनगीरच्या हिरामण ठेकेदाराचा. धुळ्याकडे त्याचं नाव होतं. हा लिहिण्याच्या भानगडीतच नव्हता. आवारात एक फेरी मारली, मिशीवरून हात फिरवला आणि अहिराणीत आकडा सांगून मोकळा झाला. आकडा सबनिसांपेक्षा बराच कमी होता. "बठ्ठं मनावर सोडी द्या, आबा," तो म्हणाला, म्हणजे सगळं माझ्यावर सोडा.

मी म्हटलं, "हे लिहून द्यावं लागेल."

हिरामण विचारात पडला. मग म्हणाला, "लिखी दिसू. पन भाव वाढी."

"का?"

"बोलाना भाव येगळा, लिखाना येगळा."

लिहून घेतला तेव्हा तो सबनिसांच्या जवळपास जाऊन पोचला. आबांनी मला बाहेर नेलं आणि रागाने विचारलं, "तुले कोणं सांगितलं होतं लिहायले लावायचं?"

*

तरीही हिरामणचं काम पाहायचं ठरलं. सोसायटीच्या खर्चाने जीप केली. आबा, मोतीभाऊ, मी. जळगावला नाश्ता, मध्ये एकदा चहा, आणि धुळ्याला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. हिरामणने आम्हाला एका जिनिंगच्या आवारात नेलं. तिथे कपाशीसाठी बांधलेली लांबलचक शेड होती. सागाचे सरळसोट खांब, एका रेषेत. पत्र्याचा उतार असा की पाहत राहावं.

कलिंगड वाजवून पाहावं तसे आबा काठीने एकेक खांब वाजवत गेले. मोतीभाऊंनी मान वर करून पत्र्याची जाडी डोळ्यांनीच मोजली. मी सावलीत उभा राहून घाम पुसला. आबा म्हणाले, "काम याले म्हणतात. फायनल करून टाकू."

तेवढ्यात ऑफिसातून एक गृहस्थ आले. "काय पाहिजे आपल्याला?"

आबांनी अभिमानाने सांगितलं, की आमच्या ठेकेदाराने ही शेड बांधली, ती पाहायला आम्ही एवढ्या लांबून आलो.

"ही माझ्या वडिलांनी इंदूरचे कारागीर आणून बांधून घेतली," गृहस्थ म्हणाले. "हा कोण माणूस?"

सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं. हिरामण जराही गडबडला नाही. "मी बांधेल शे आसं मी कव्हय म्हनं? तुम्ही म्हननात, चांगली शेड दखाड. हाई चांगली शे का नही?"

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा आबाच म्हणाले, "पण शेड चांगली होती."

*

तिसरा भाव गावातल्याच सुपडू मिस्तरीचा. त्याचा भाव इतका कमी होता की कमिटी घाबरली. जास्त भाव ऐकला की आम्हाला राग यायचा, तो आमच्या सवयीचा होता. कमी भाव ऐकून काय करायचं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

गोदाक्कांनी विचारलं, "सुपडू, इतक्यात कसं काय बांधशीन रे?"

"बांधतो ना, अक्का."

"खांब कोणाचे?"

"खांब सोसायटीचे."

"पत्रा?"

"तोही सोसायटीचा."

"मजूर तरी तुहे?"

"मजूर तुम्ही लावून द्या. गावातलेच आहेत."

"मंग तू काय करशीन?"

"मी उभा राह्यतो," सुपडू म्हणाला. "मी उभा न्हई राह्यलो तं कोणीच काम करत न्हई."

हा एवढाच माणूस त्या तिघांत खरं बोलला होता. म्हणून त्याला बाद करण्यात आलं.

*

नियम तीन भावांचा, म्हणून बाद झालेल्या सुपडूलाही धरून मी तिघांचे भाव शेजारी शेजारी लिहून फळ्यावर मांडले. एकाचा भाव फुटावर, एकाचा खांबावर, एकाचा नुसता उभं राहण्याचा. तरी दोन दिवस खपून मी ते एका मापात आणले. मिटिंग भरली. मोतीभाऊ उभे राहिले. त्यांनी निःपक्षपातीपणावर छोटंसं भाषण केलं. कमिटीच्या माणसाने कुठल्याही ठेकेदाराची बाजू घेऊ नये, आपल्या मनात तिघांबद्दल सारखाच आदर आहे, आपण कोणालाही मत देणार नाही, असं ते म्हणाले. मेंबरांनी माना डोलावल्या. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं एकजण म्हणालासुद्धा.

गोदाक्का फळ्याकडे पाहत होत्या. तिन्ही रकान्यांत पत्र्याचा आकडा एकच होता, कारण पत्रा पंचक्रोशीत एकाच दुकानात मिळत होता.

"बरोबर आहे, भाऊ," अक्का म्हणाल्या. "शर्यतीत कोणताही बैल पयला येवो, त्याची सरकीची ढेप तुमच्याच दुकानातली."

मोतीभाऊंना राग आला नाही. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. तो मात्र त्यांच्या खर्चाने होता, हे सांगायला पाहिजे.

*

आबांची भाव पाडायची एक खास रीत होती. बैलबाजारात ती नेहमी लागू पडायची. समोरच्याने भाव सांगितला की गप्प बसायचं. काहीच बोलायचं नाही. थोड्या वेळाने समोरचा अस्वस्थ होतो आणि आपणहून खाली येतो.

सबनिसांना शेवटच्या बोलण्यांसाठी बोलावलं. सबनिसांनी भाव सांगितला. आबा गप्प बसले. सबनीसही गप्प बसले. आम्हाला काय माहीत, की त्यांनी आयुष्यभर सरकारी हापिसांत हेच केलेलं होतं. चहा आला, थंड झाला. बाहेर गाड्या आल्या, वजनं झाली. दोघे एकमेकांकडे प्रेमाने पाहत बसलेले. असा तास-दीड तास गेला असेल. आणि मग आबांची मान हळूहळू छातीवर आली. ते घोरायला लागले.

ती शांतता सहन न होऊन मोतीभाऊ बोलून गेले, "पत्रा वाढलाय बरं का कालपासून."

आबा जागे झाले तेव्हा भाव वाढलेला होता.

मग सबनिसांनी कमी करायचा एक मार्ग सुचवला. शेडची उंची कमी करायची. आबांनी ताबडतोब होकार दिला. मी विचारलं, "घडांनी भरलेली गाडी आत जाईल ना?"

"गाडी जाईल," सबनीस म्हणाले. "वर बसलेल्या माणसाला तेवढं उतरावं लागेल."

*

हे सगळं चालू असताना उन्हाळा काही थांबला नव्हता. भाव ताडून पाहण्यात आमचा सगळा हंगाम चालला होता. मिटिंगा भरत होत्या आणि आवारात घड भाजत होते. आम्ही बसायचो ती कौलारू खोली चांगली थंड होती. मेंबरांना तिथून उठवत नसे.

एका मिटिंगला गोदाक्का उशिरा आल्या. त्यांच्या मागे गडी होता, त्याच्या खांद्यावर एक घड. सबंध काळा पडलेला. अक्कांनी तो टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवायला लावला. मग एक केळं तोडलं, आबांच्या पुढे केलं.

"खा, आबा."

आबा म्हणाले, "अक्का, हे काय?"

"मिटिंगचा फराळ. सकायी हिरवी होती, तुमचं बोलणं होईलोक अशी झाली. खा ना, माही आहे, तुमाले काय पैसे पडत न्हई."

कोणी हात लावेना. अक्का उभ्याच होत्या. शेवटी आबांनी ते केळं घेतलं, सोललं आणि सगळं खाल्लं. आत ते नुसतं पाणी झालेलं होतं. धोतराच्या सोग्याला हात पुसून ते मला म्हणाले, "सबनिसले लिहून टाक. काम देलं म्हणून."

सिमेंटचं परमिट सबनिसांच्याच हातात होतं, एवढं कारण पुरलं. तिघांत त्यांचा भाव सगळ्यात जास्त होता. अक्का निघून गेल्यावर आबा बराच वेळ चूळ भरत होते.

*

काम सुरू व्हायच्या दिवशी मी नारळ घेऊन आवारात गेलो. सबनीस नव्हते. हिरामण होता. खांबांनी भरलेला ट्रक घेऊन आलेला. मी विचारलं तर म्हणाला, सबनीससायबांनी काम त्याला दिलंय. मी नारळ फोडला. जेवणाच्या सुटीनंतर हिरामणही दिसेना. खड्डे खणत होते ते आपल्याच गावचे मजूर, आणि मध्यभागी, कमरेवर हात ठेवून, सुपडू मिस्तरी उभा.

आबांना बोलावणं पाठवलं. ते आले. सुपडूला त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू इठी कसा?"

"हिरामणनं देलं मले काम."

आबांनी मनात हिशेब केला. मग त्यांच्या डोळ्यांत एक आशा दिसली. "म्हणजे तुह्या त्याच भावात?"

"न्हई, आबा," सुपडू म्हणाला. "त्याच्याहून कमीत. त्यानं लई पाडून मागितलं."

*

शेड झाली. बरी झाली म्हणायची. सुपडू खरोखरच दिवसभर उभा राहिला आणि खांब सरळ आले. पुढच्या उन्हाळ्यात घड सावलीत राहिले, दिल्लीवाल्याच्या माणसाला बोट खुपसायला जागा मिळाली नाही. गोदाक्कांनी दुसऱ्या सोसायटीचं नाव काढलं नाही.

मग एक दिवस धरणगावच्या कपाशीवाल्यांची कमिटी आमची शेड पाहायला आली. त्यांची कपाशी दर वर्षी अवकाळी पावसात भिजायची. त्यांनाही तशीच शेड हवी होती आणि बांधण्याआधी भाव ताडून पाहायचा होता. त्यांचे चेअरमन आबांच्याच वयाचे, आबांच्याच तोऱ्याचे. त्यांनीही काठीने खांब वाजवले. मग विचारलं, "कितीत पडली, आबा?"

आबांनी आकडा सांगितला. मी शेजारीच उभा होतो. आबांनी खरा आकडा सांगितला नाही. जवळपास निम्मा सांगितला.

"एवढ्यात?" ते चेअरमन म्हणाले.

"भाव पाडता आला पाह्यजे," आबा म्हणाले.

मंडळी धरणगावला गेली. त्यांनी तो आकडा धरून ठेवला आणि जो ठेकेदार येईल त्याला हाकलत राहिली. फैजपूरकडे एवढ्यात होते, तुम्ही आम्हाला लुटता का, असं. ठेकेदार येईनासे झाले. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या चेअरमनचा माणूस आमच्याकडे निरोप घेऊन आला. आता कपाशी कुठे ठेवायची तेच कळत नाही. ज्याने तुमची शेड त्या भावात बांधली, त्यालाच आमच्याकडे पाठवा.

आबांनी तो निरोप उभ्यानेच ऐकला. त्या माणसाला जेवू घातलं, वाटेला लावलं. मग सुपडूला बोलावलं आणि त्याला घेऊन मळ्याकडे गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सुपडू तीन-चार दिवसांनी धरणगावला गेला. शेड पावसाच्या आधी उभी राहिली, सागाच्या खांबांवर, आणि आबांनी सांगितलेल्या भावातच.

धरणगावचे चेअरमन पेढे घेऊन आले. आमच्या शेडखाली, सगळ्यांसमोर, त्यांनी आबांच्या गळ्यात हार घातला. "आबांसारखा भाव काढणारा माणूस पाहिला नाही," ते म्हणाले. आबांनी हार घालून घेतला. टाळ्या झाल्या. सुपडू मागे उभा होता, तो वर पत्र्याकडे पाहत होता.

पाहुणे गेल्यावर पेढे वाटता वाटता गोदाक्का आबांजवळ आल्या. त्यांचा आणि आबांचा मळा बांधाला बांध लागून. अक्का म्हणाल्या, "आबा, तुमच्या बांधावरचे साग दिसत न्हई राह्यले. बापानं लावलेले होते ना?"

"पडले," आबा म्हणाले.

"काहून?"

"वाऱ्यानं. लई वारा झाला मागच्या महिन्यात."

अक्कांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"झाला अशीन," त्या म्हणाल्या. "माही केयी उभीच आहे."